प्रेडर-विली सिंड्रोम : चौदा महिन्यांच्या मुलीला ग्रोथ हार्मोन आताच सुरू करावे की थांबावे?

कोयनाकाठ

नमस्कार. आमची मुलगी चौदा महिन्यांची आहे. जन्मली तेव्हा तिचे अंग अगदी ढिले होते. उचलून घेतले की हातपाय लोंबत आणि रडण्याचा आवाज इतका क्षीण होता की शेजारच्या खाटेवरील बाईंना आमच्याजवळ बाळ आहे हे दुसऱ्या दिवशी कळले. तिला अंगावर ओढून पिता येत नव्हते, म्हणून पहिले सात आठवडे मी दूध काढून देत असे आणि ते नाकातल्या नळीने तिच्या पोटात जाई. ती तीन महिन्यांची असताना मिथायलेशनची (जनुकांवरील रासायनिक खुणांची) तपासणी झाली आणि प्रेडर-विली सिंड्रोमचे निदान पक्के झाले. वडिलांकडून आलेल्या पंधराव्या गुणसूत्राचा एक लहानसा तुकडा गळालेला आहे, असे पुढच्या तपासणीत दिसले. हे योगायोगाने घडते, त्यात कोणाचाही दोष नसतो आणि आमच्या प्रकारात पुढच्या अपत्याला तोच आजार होण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी असते, हे जनुकतज्ज्ञांनी आम्हा दोघांना आणि मुद्दाम माझ्या सासू-सासऱ्यांनाही समोर बसवून समजावले. त्या एका तासाने घरातले वातावरण बदलले.

आता ती आधाराने बसते, पेज आणि मऊ वरणभात खाते. वजन ८ किलो ६०० ग्रॅम, उंची ७३ सेंटिमीटर आहे. गेल्या दोन महिन्यांत तिने थोडे बाळसे धरले आहे.

माझा प्रश्न ग्रोथ हार्मोनच्या इंजेक्शनांविषयी आहे. एका शहरातील तज्ज्ञांनी ती लवकरात लवकर सुरू करा असे सांगितले, तर दुसऱ्या एका रुग्णालयात उंची वयाच्या मानाने फार कमी नाही, शाळेत जाईपर्यंत थांबा, असा सल्ला मिळाला. सासूबाईंचे म्हणणे असे की, ज्या मुलीला पुढे न आवरणारी भूक लागणार आहे असे डॉक्टरच सांगतात, तिला वाढीचे औषध देऊन ती भूक आपणच कशाला वाढवायची? त्यांच्या या प्रश्नाला माझ्याजवळ नीट उत्तर नाही. शिवाय या उपचारात काही मुलांचा मृत्यू झाल्याचे माझ्या दिरांनी कुठेतरी वाचले आणि तेव्हापासून घरात कोणी हा विषय काढत नाही. रोज एक इंजेक्शन, तेही अनेक वर्षे, हा खर्च एका पगारात कसा भागवायचा हेही समजत नाही. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी आपला अनुभव सांगावा, आणि कोणी डॉक्टर हे वाचत असतील तर त्यांनी मृत्यूंविषयी जे खरे असेल ते स्पष्ट लिहावे, ही विनंती.

पारिजातक

ताई, माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि त्याला वयाच्या अठराव्या महिन्यापासून ग्रोथ हार्मोन सुरू आहे. सर्वप्रथम सासूबाईंच्या शंकेविषयी लिहिते, कारण आमच्याकडे हीच शंका माझ्या आईला आली होती. ‘वाढीचे इंजेक्शन’ हे नावच घोटाळा करते. या मुलांची भूक मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागातून बिघडते. पोट भरले हा निरोप तिथे नीट पोहोचत नाही. ग्रोथ हार्मोनचा त्या भुकेशी संबंध नाही. ते भूक वाढवत नाही आणि कमीही करत नाही. यातला दुसरा भाग आम्हाला कोणी सांगितला नव्हता. मी मनोमन अशी आशा धरून बसले होते की इंजेक्शन चालू आहे तर आपल्या मुलाला ती भूक लागणारच नाही. तो पाच वर्षांचा असताना रात्री दोन वाजता कणकेच्या डब्याजवळ बसलेला सापडला, तेव्हा मी औषधाला दोष दिला. दोष औषधाचा नव्हता. ते ज्या कामासाठी होते ते काम ते करत होते.

ते काम आम्हाला कुठे दिसले ते सांगते. सुरू करण्याआधी त्याला मांडीवर घेतले की ओली कणीक हातात घेतल्यासारखे वाटे. चारेक महिन्यांनी फिजिओथेरपीच्या ताईंनी स्वतःहून विचारले की घरी काही वेगळे करता का, कारण त्याच्या पाठीत जोर आला होता. तो सव्वीसाव्या महिन्यात चालला. फिजिओथेरपी आम्ही एक दिवसही सोडली नव्हती, त्यामुळे श्रेय एकट्या इंजेक्शनला देता येणार नाही, पण स्नायू नसतील तर व्यायाम तरी कशाला करायला लावणार? आज तो वर्गातल्या मुलांपेक्षा थोडा बुटका आहे, पण जिना धावत चढतो.

आमच्याकडून झालेली एक चूक आपल्याकडून होऊ नये म्हणून लिहिते. सुरुवातीला झोपेची तपासणी, म्हणजे स्लीप स्टडी, आम्ही टाळली. तपासणी दुसऱ्या शहरात होती, एक रात्र रुग्णालयात काढायची होती आणि मूल घोरत नाही असे आम्हाला वाटत होते. डॉक्टरांनी औषध लिहून देण्यास नकार दिला आणि तपासणी झाल्याशिवाय येऊ नका असे सांगितले. त्या वेळी मला त्यांचा राग आला होता. तपासणीत श्वास मध्येमध्ये थांबत असल्याचे आढळले. मग अॅडिनॉइडची, म्हणजे नाकामागच्या गाठीची, शस्त्रक्रिया झाली, पुन्हा तपासणी झाली आणि त्यानंतरच पहिले इंजेक्शन मिळाले. या सगळ्यात पाच महिने गेले, आणि ते जायलाच हवे होते.

इंजेक्शनाचे म्हणाल तर त्याचे पेन मिळते, सुई केसासारखी बारीक असते. आम्ही रात्री झोपण्याआधी देतो, कारण शरीराचे स्वतःचे ग्रोथ हार्मोनही मुख्यतः गाढ झोपेतच स्रवते. आज डावी मांडी, उद्या उजवी, परवा कुल्ला, अशी जागा बदलावी लागते. एकाच जागी टोचत राहिले तर तिथली चरबी झिजून खड्डा पडतो.

आणि बाळशाबद्दल. ताई, हे लिहिताना मला संकोच वाटतो, कारण सात आठवडे नळीने दूध दिलेल्या आईला बाळसे पाहून काय वाटते हे मला ठाऊक आहे. आमच्याकडे तर सत्यनारायण घातला होता. परंतु या आजारात साधारण दोन वर्षांच्या सुमारास खाणे तेवढेच असताना वजन वाढू लागते. भूक त्यानंतर दोन-तीन वर्षांनी वाढते. तेव्हा आतापासूनच दर महिन्याला वजन करून ते तक्त्यावर मांडत जा, आणि ‘खाऊ दे पोरीला, एका लाडवाने काय होते’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला प्रेमाने पण ठामपणे थांबवायची सवय घरातल्या सर्वांना लावा. आमच्या स्वयंपाकघराला आता कुलूप असते. नातेवाइकांना ते क्रूर वाटते. मुलगा मात्र कुलूप लागले की शांत होतो, कारण मग दिवसभर त्याच्या मनात ‘मिळेल का, मिळेल का’ हे चालत नाही.

निवृत्त बालरोगतज्ज्ञ

मी बालकांच्या अंतःस्रावी ग्रंथींच्या विकारांवर बरीच वर्षे काम केले आहे. मी आपल्या मुलीला तपासलेले नाही. त्यामुळे खालील मजकूर तिचा उपचार ठरवण्यासाठी नव्हे, तर आपल्या डॉक्टरांशी बोलताना कोणते प्रश्न विचारावेत हे समजावे म्हणून लिहीत आहे.

‘उंची ठीक आहे, थांबा’ हा सल्ला जुन्या समजुतीतून येतो. झुरिच येथील प्राडर, लॅबहार्ट आणि विली यांनी १९५६ मध्ये या आजाराचे पहिले वर्णन केले, तेव्हा बुटकेपणा आणि लठ्ठपणा ही त्याची डोळ्यांत भरणारी लक्षणे होती, आणि २००० साली अमेरिकेत ग्रोथ हार्मोनला या आजारासाठी मान्यता मिळाली तीही खुंटलेल्या वाढीसाठी होती. नंतरच्या अभ्यासांतून जे पुढे आले ते वेगळे आहे. या मुलांचे वजन कमी असते त्या तान्ह्या वयातसुद्धा त्यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण अधिक आणि स्नायूंचे प्रमाण कमी असते, म्हणजे काडीसारखे दिसणाऱ्या बाळाच्या शरीरातही स्नायूंच्या मानाने चरबीच अधिक असते. ग्रोथ हार्मोन स्नायू घडवते आणि साठलेली चरबी वापरायला लावते. उंची वाढते, ती या कामाच्या जोडीने. म्हणून उपचार सुरू करायचा की नाही हे केवळ उंचीच्या तक्त्यावरून ठरवू नये. अनेक तज्ज्ञ आज पहिल्या वर्षातच, आणि शक्यतो लठ्ठपणा येण्यापूर्वी, म्हणजे दोन वर्षांच्या आत, सुरुवात करतात. जनुकीय निदान पक्के असेल तर लहान मुलांत ग्रोथ हार्मोनची ‘स्टिम्युलेशन टेस्ट’ करून कमतरता सिद्ध करण्याचीही आवश्यकता नसते. उपाशी ठेवून वारंवार रक्त घेण्याची ती तपासणी या बाळांना सोसतही नाही.

आता मृत्यूंविषयी. आपल्या दिरांनी वाचलेले खोटे नाही. मान्यता मिळाल्यानंतरच्या काही वर्षांत ग्रोथ हार्मोन घेणाऱ्या या आजाराच्या काही मुलांचे मृत्यू झाल्याच्या नोंदी आल्या. त्यांत पुढीलपैकी एक किंवा अधिक गोष्टी होत्या : तीव्र लठ्ठपणा, श्वासमार्गात आधीपासून असलेला अडथळा किंवा झोपेत श्वास थांबणे, आणि लक्षात न आलेला श्वसनमार्गाचा संसर्ग. म्हणून तीव्र लठ्ठपणा असलेल्या आणि श्वासाचा गंभीर त्रास असलेल्या रुग्णांना हे औषध देऊ नये अशी सूचना औषधासोबतच्या माहितीपत्रकात आहे. त्यामागचे एक कारण समजून घेण्यासारखे आहे. उपचाराच्या पहिल्या काही महिन्यांत टॉन्सिल आणि अॅडिनॉइड यांची ऊतीही वाढू शकते. घसा आधीच अरुंद, त्यात स्नायू ढिले, आणि त्यातच सर्दी झाली तर झोपेत हवेची वाट बंद होऊ शकते. हेही सांगितले पाहिजे की, ग्रोथ हार्मोन न घेणाऱ्या या आजाराच्या मुलांतही श्वसनाच्या कारणाने अचानक मृत्यू होतात. धोका आजारात आहे, आणि निष्काळजीपणे केलेली सुरुवात त्यात भर घालू शकते. सुरू करण्यापूर्वी एक स्लीप स्टडी, सुरू केल्यावर तीन ते सहा महिन्यांत दुसरी, आणि मध्ये कधीही घोरणे नव्याने सुरू झाले किंवा वाढले तर औषध थांबवून त्वरित कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाणे, हा आपल्या घराचा नियम असू द्या. पारिजातक यांच्या डॉक्टरांनी लिहून देण्यास नकार दिला, ते त्यांनी योग्यच केले.

सुरुवातीला थायरॉइडची तपासणी करावी, आणि त्यात केवळ टीएसएच (मेंदूकडून थायरॉइडला कामाचा निरोप देणारे हार्मोन) पाहून थांबू नये. बिघाड मेंदूच्या पातळीवर असल्यामुळे टीएसएच सामान्य दिसत असताना फ्री टी-४ (थायरॉइडचे स्वतःचे हार्मोन) कमी असू शकते, आणि ग्रोथ हार्मोन सुरू केल्यावर लपलेली कमतरता उघडी पडते. पाठीचा कणाही पाहून घ्यावा. या आजारात कणा वाकण्याचे प्रमाण मुळातच मोठे आहे. ग्रोथ हार्मोनमुळे तो वाकतो असे सिद्ध झालेले नाही, तरी वेगाने वाढणाऱ्या मुलावर लक्ष ठेवावे लागते.

मात्रेविषयी एक सावधगिरीची सूचना देतो, कारण मी यात घोटाळे झालेले पाहिले आहेत. मात्रा बहुधा शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावरून ठरवतात : सुरुवात दिवसाला प्रति चौरस मीटर ०.५ मिलिग्रॅमने करून ती हळूहळू १ मिलिग्रॅमपर्यंत नेतात. आपल्या मुलीच्या वजन-उंचीनुसार तिच्या शरीराचा पृष्ठभाग सुमारे ०.४२ चौरस मीटर येतो, म्हणजे सुरुवातीची मात्रा दिवसाला जेमतेम ०.२ मिलिग्रॅम. काही कंपन्यांच्या पेनवर मिलिग्रॅम असते आणि काहींवर युनिट असतात. १ मिलिग्रॅम म्हणजे ३ युनिट. दुकानात एका कंपनीचे मिळाले नाही म्हणून दुसऱ्या कंपनीचे आणले आणि आकडा तोच फिरवला, तर मात्रा तिप्पट किंवा एक तृतीयांश होते. पेन बदलले की डॉक्टरांना किंवा परिचारिकेला दाखवल्याशिवाय टोचू नका.

पुढे दर तीन ते सहा महिन्यांनी वजन, उंची, कणा आणि रक्तातील आयजीएफ-१ (ग्रोथ हार्मोनमुळे शरीरात तयार होणारा घटक) पाहतात. आयजीएफ-१ वयाच्या सामान्य मर्यादेच्या वरच्या भागात असावे, पण मर्यादेबाहेर जाऊ नये. ते फार वर गेले तर मात्रा कमी करतात. मूल लंगडू लागले, सतत डोके दुखून दृष्टी अंधुक झाली किंवा अंगावर सूज आली, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नये. मोठ्या वयात, विशेषतः वजन अधिक असेल तर, रक्तातील साखरही पाहावी लागते.

भुकेवर मात्र ग्रोथ हार्मोन हा उपाय नाही, हे पारिजातक यांनी स्वतःच्या अनुभवातून लिहिले आहे ते अगदी खरे आहे. भुकेसाठी डायझॉक्साइड कोलीन या औषधाला मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, तीही चार वर्षे आणि त्यावरील वयाच्या रुग्णांसाठी; ते रक्तातील साखर वाढवू शकते. आपल्या मुलीसाठी आज तो प्रश्नच नाही. आज तिला हवी आहे ती नियमित फिजिओथेरपी, मोजून दिलेला आहार आणि स्लीप स्टडीची तारीख.

थोरली बहीण

माझा धाकटा भाऊ १९९३ चा आहे. त्याचे निदान तो बारा वर्षांचा असताना झाले, तोवर त्याचे वजन हाताबाहेर गेले होते, आणि याच कारणाने त्याला ग्रोथ हार्मोन मिळू शकले नाही. बाबांनी तेव्हा ते विकत घेण्यासाठी गावाकडची जमीन विकायची तयारी केली होती. वजन आणि श्वास पाहून तज्ज्ञांनी नाही म्हटले. आज त्याची उंची १५१ सेंटिमीटर आहे, त्याला मधुमेह आहे आणि तो रात्री श्वासाचे यंत्र लावून झोपतो. हे कोणाला भीती घालण्यासाठी लिहीत नाही. थांबण्याचीही एक किंमत असते आणि ती किती असते हे आमच्या घराने पाहिले आहे, एवढ्यासाठी लिहिते. उपचाराच्या धोक्याची चर्चा होते. न घेतलेल्या उपचाराचा धोका मात्र मोजला जात नाही.

या चर्चेत केवळ ग्रोथ हार्मोनचाच उल्लेख आला, म्हणून दुसऱ्या हार्मोनबद्दल थोडे सांगते. या आजारात वयात येणेही बहुतेकांचे अपुरे राहते. भावाला एकविसाव्या वर्षी टेस्टोस्टेरॉन सुरू केले. त्यामुळे तो चिडखोर होईल अशी आम्हाला भीती होती, म्हणून डॉक्टरांनी अगदी थोड्या मात्रेने सुरुवात करून ती अनेक महिन्यांत वाढवली. त्याआधी हाडांची घनता इतकी कमी झाली होती की पायरीवरून घसरल्याचे निमित्त होऊन मनगट मोडले. मुलींनाही पुढे इस्ट्रोजेनची गरज पडू शकते. कोयनाकाठ ताईंच्या मुलीसाठी हे फार दूर आहे, परंतु पंधराव्या-सोळाव्या वर्षी हा विषय डॉक्टरांकडे आपणहून काढावा लागतो, हे आम्हाला उशिरा समजले.

आणखी एक गोष्ट हार्मोनची नाही, पण ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. या लोकांना दुखणे कमी जाणवते आणि उलटी सहसा होत नाही. एका लग्नात भावाने नजर चुकवून पुष्कळ खाल्ले. रात्री पोट फुगले आणि त्याने दुखते असे म्हटले. तो दुखते म्हणतो ही गोष्टच इतकी विरळ होती की आई त्याला थेट रुग्णालयात घेऊन गेली. जठर ताणून त्याला इजा होण्याच्या बेतात होते. आपली मुलगी मोठी झाल्यावर कधी पोट दुखते म्हणाली किंवा तिला उलटी झाली, तर ‘ओवा दे, सकाळी पाहू’ असे करू नका.

परभणीकर

खर्चाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. केंद्र सरकारच्या २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ रोग धोरणात आजारांचे तीन गट केले आहेत. त्यांतल्या दुसऱ्या गटात, म्हणजे दीर्घकाळ उपचार लागणाऱ्या पण तुलनेने कमी खर्चाच्या आजारांत, प्रेडर-विली सिंड्रोमसाठी ग्रोथ हार्मोनचा स्पष्ट उल्लेख आहे; टर्नर आणि नूनन सिंड्रोमही तिथेच आहेत. सुरुवातीला केंद्राची मदत पहिल्या गटापुरतीच होती आणि दुसऱ्या गटाचा विचार राज्यांनी करावा असे म्हटले होते. २०२२ मध्ये त्यात बदल होऊन कोणत्याही गटातील रुग्णाला नेमून दिलेल्या उत्कृष्टता केंद्रात (दुर्मीळ रोगांसाठी निवडलेल्या रुग्णालयात) उपचारासाठी ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकेल, अशी तरतूद झाली. महाराष्ट्रातील असे केंद्र मुंबईला परळचे केईएम रुग्णालय आहे. पैसे पालकांच्या हातात येत नाहीत, ते या रुग्णालयामार्फत उपचारावर खर्च होतात.

आमच्या मुलाच्या बाबतीत नोंदणी ते मंजुरी यात आठ महिने गेले. त्यांतले तीन महिने केवळ एवढ्यासाठी गेले की, जनुकीय अहवालावरील नावात आणि आधार कार्डावरील नावात एका अक्षराचा फरक होता. तेव्हा ताई, जन्मदाखला, आधार, जनुकीय अहवाल आणि रुग्णालयाचे कागद या सर्वांवर मुलीचे नाव एकसारखे आहे का, हे आजच तपासा. अहवालाची मूळ प्रत जपून ठेवा आणि द्यावी लागली तर छायाप्रतीवर पोच घ्या. आम्ही त्या आठ महिन्यांत औषध स्वतः विकत घेतले. मूल लहान असते तेव्हा मात्रा लहान असते आणि खर्चही त्या मानाने कमी असतो. वजनाबरोबर तो वाढत जातो. त्यामुळे सुरुवातीचे महिने कसेबसे निभावून नेता येतात, पुढच्या वर्षांची सोय मात्र आताच लावायला घ्यावी लागते.

कोयनाकाठ

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काल रात्री मी हे सगळे उत्तर सासूबाईंना वाचून दाखवले. ‘भूक वाढवत नाही आणि कमीही करत नाही’ हे वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावले, आणि थोरल्या बहिणीचे वाचताना त्या उठून मुलीच्या पाळण्याजवळ जाऊन बसल्या. आज सकाळी त्यांनीच दिरांना सांगितले की तपासणीसाठी पुण्याला जायचे आहे, गाडीची सोय कर. पुढच्या महिन्याच्या अकरा तारखेची स्लीप स्टडी मिळाली आहे. फ्री टी-४ आणि आयजीएफ-१ चे रक्तही त्याच खेपेला देणार आहोत. जन्मदाखल्यावर आणि आधारवर नावातला ऱ्हस्व-दीर्घ वेगळा निघाला. तो दुरुस्तीला टाकला.

एक प्रश्न राहिला. आमचे गाव डोंगरात आहे. गणपतीला आम्ही आठ दिवस तिथे असतो आणि वीज कधी चार तास, कधी दिवसभर नसते. औषध फ्रिजमध्ये ठेवावे लागते असे ऐकले आहे. तपासण्या ठीक आल्या आणि इंजेक्शन सुरू झाले, तर गावी कसे जमवायचे?

पारिजातक

ताई, आम्ही दरवर्षी कोकणात जातो, तेव्हा जमते. औषध २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायचे असते, पण ते गोठले तर वाया जाते, आणि उन्हापेक्षा ही चूक अधिक वेळा होते. फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याला लागून किंवा मागच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. मधल्या फळीवर, डब्यात घालून ठेवा. प्रवासात इन्सुलिनसाठी मिळते तशी थंड पिशवी घ्या आणि बर्फाची पाकिटे सुती कापडात गुंडाळून ठेवा, म्हणजे पेन बर्फाला थेट लागणार नाही. गावी वीज गेली की फ्रिजचे दार उघडू नये, एवढे सर्वांना सांगून ठेवले की चार-पाच तास काही होत नाही. आठ दिवसांना लागेल तेवढेच औषध न्या, बाकीचे घरच्या फ्रिजमध्ये राहू द्या. आमच्या कंपनीचे एक पेन काही दिवस फ्रिजबाहेर चालते, पण हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असते, म्हणून आपल्या पेनच्या कागदावर काय लिहिले आहे ते औषध घेतानाच दुकानात विचारून त्या कागदावर पेनाने खूण करून ठेवा.

आणि गणपतीत मोदकांचे ताट मुलीच्या नजरेच्या आणि हाताच्या वर ठेवायची सवय याच वर्षीपासून लावा, ती अजून हात पुढे करत नसली तरी. अकरा तारखेनंतर स्लीप स्टडीत काय आले ते इथे अवश्य लिहा. मी वाट पाहीन.